सिंक्रोला मोठी चाकं घालण्याआधी

अगं, तू पाठवलेले रिम्सचे फोटो पाहिले. देखण्या आहेत, यात शंका नाही. पण फोर-व्हील-ड्राइव्ह व्हॅनला मोठी चाकं घालायची तर दिसण्याचा विचार सगळ्यात शेवटी करायचा. तुझ्या गाडीसारखी 1987 ची सिंक्रो असेल तर नक्कीच. मला हे माझ्या मेकॅनिकने शिकवलं. म्हातारा जर्मन माणूस, सारा जन्म फोक्सवॅगनच्या गाड्यांखाली पाठ टेकून काढलेला. तो म्हणायचा, या गाडीचा टायर हा गिअरबॉक्सचाच एक भाग आहे असं धरून चाल. त्याच्याकडून मिळालेलं सगळं आता तुझ्या हवाली करतो. घाई न करता वाच.

आधी गाडी समजून घे. ही फोक्सवॅगनची तिसऱ्या पिढीची ट्रान्सपोर्टर. अमेरिकेत तिला व्हॅनगॉन म्हणतात. तिच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्तीची, म्हणजे सिंक्रोची, जुळणी ऑस्ट्रियात ग्राट्सला, स्टायर-डाइमलर-पुखच्या कारखान्यात व्हायची, 1985 ते 1992. इंजिन मागे, ओढ मूळची मागच्या चाकांची, आणि मागची चाकं घसरायला लागली की पुढच्यांना आपोआप ओढ मिळते. तुझ्या गाडीला कारखान्यातून 14 इंची रिम्स आल्या. युरोपात 16 इंची चाकांची एक वेगळी सिंक्रोही निघाली होती. ती अमेरिकेत विकायला आलीच नाही. तिच्यासाठी कारखान्याने चाकांवरच्या पत्र्याच्या कमानी मोठ्या केल्या, बॉडी जास्त भक्कम केली, ब्रेक मोठे घातले, ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट दणकट केले. मोठी चाकं घालायला खुद्द बनवणाऱ्यांना एवढं करावं लागलं, हे लक्षात ठेव. कुणी सांगेल, 'रिम बदल, टायर चढव, झालं!' तर त्याचं ऐकून घे आणि घरी ये.

आता हिशेब. तुझ्या गाडीवर 205/70 आर 14 टायर आहे. 205 म्हणजे मिलिमीटरमध्ये टायरची रुंदी. 70 म्हणजे त्या रुंदीच्या 70 टक्के टायरची उंची, रिमच्या कडेपासून जमिनीपर्यंतची. 14 म्हणजे रिमचा व्यास, इंचात. 205 चे 70 टक्के 143.5, वर आणि खाली मिळून 287, त्यात 14 इंचांचे 355.6 मिलिमीटर मिळव. झाले 642.6, म्हणजे सुमारे 25.3 इंच. हाच हिशेब 215/75 आर 15 चा केलास तर 703.5 मिलिमीटर येतात, 27.7 इंच. 225/70 आर 15 चे 696, म्हणजे 27.4 इंच. 215/65 आर 16 चे 686, जवळजवळ बरोबर 27. दुकानदार काही सांगो, हा हिशेब स्वतः कागदावर कर. रिम 16 इंची आहे म्हणून चाक मोठं झालं असं होत नाही. वरच्या आकड्यांत बघ, 16 इंची रिमवरचा टायर 15 इंचीवाल्यापेक्षा लहान निघाला.

642 वरून 703 वर गेलीस की चाक साडेनऊ टक्क्यांनी वाढलं. स्पीडोमीटर 65 मैल दाखवेल तेव्हा गाडी 71 ने पळत असेल. जुने स्पीडोमीटर आधीच थोडे वाढवून दाखवतात, त्यामुळे प्रत्यक्ष फरक याहून कमी निघेल. तरी पहिल्याच दिवशी फोनच्या जीपीएसशी ताडून बघ आणि फरक डॅशबोर्डवर चिठ्ठी लावून लिहून ठेव. मैलांचा आकडाही कमी पडणार, तेव्हा ऑइल बदलण्याचा हिशेब थोडा अलीकडे ओढायचा.

स्पीडोमीटरपेक्षा मोठी गोष्ट ओढीची. चाक साडेनऊ टक्के वाढलं की जमिनीवर पोचणारी ओढ सुमारे 9 टक्क्यांनी घटते. तुझं 2.1 लिटरचं इंजिन नवं होतं तेव्हा 95 हॉर्सपॉवरचं होतं, आणि गाडी पॉप-टॉपची कॅम्पर, फ्रिज, शेगडी, पाण्याची टाकी, माणसं आणि सामान धरून दोन टनांच्या वर. म्हणजे चढावर चौथा गिअर लवकर सोडावा लागणार, तिसऱ्यात इंजिन जास्त वेळ ओरडणार, आणि पाण्याचा काटा वर सरकणार. उतारावरही तेच. तुझे आजोबा सांगायचे, घाट ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. मोठ्या चाकावर इंजिनचा तो आवरही तेवढाच कमी होतो, आणि ब्रेकलाही मोठं, जड चाक थांबवायचं असतं. तुझ्या गाडीला पहिल्याच्याही खाली जो गिअर आहे, तो खडकाळ वाटेवर अगदी रांगत जाण्यासाठी. तोसुद्धा चाकाबरोबर साडेनऊ टक्के वेगवान होणार. जिथे पाऊल मोजून टाकायचं तिथे हा फरक पायाला कळतो.

म्हणून चाकाचा आकार ठरवताना इंजिन आणि गिअरबॉक्सची आजची तब्येत विचारात घे. पुढेमागे गिअरबॉक्स उघडायची वेळ आली, तर त्याच वेळी तिसरा आणि चौथा गिअर आखूड करून घेता येतो. या गाड्यांवर काम करणारे जाणकार ते नेहमी करतात. पण सिंक्रोच्या गिअरबॉक्सचं काम हजारो डॉलरांत जातं. केवळ टायर मोठा घालायचा म्हणून धड चालणारा गिअरबॉक्स खोलू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुढच्या डिफरन्शियलजवळ एक व्हिस्कस कपलिंग आहे. बंद डब्यात पातळ चकत्यांची चळत आणि दाट सिलिकॉन. पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने फिरत असतील तर आत काही घडत नाही. मागची भराभर फिरू लागली की चकत्या त्या द्रवात घासतात, द्रव तापतो, घट्ट धरतो, आणि ओढ पुढे जाते. घट्ट पिठल्यात डाव भराभर फिरवायला गेलीस की मनगटाला जसा जोर लागतो, तशातली ती ओढ. चिखलात, बर्फात, वाळूत हे फार सुंदर चालतं. पण पुढचे टायर एका घेराचे आणि मागचे दुसऱ्या, असं झालं की कोरड्या, सपाट हायवेवरही कपलिंग तासन्‌तास घासत राहतं. ते तापतं, हळूहळू कडक होतं, आणि कडक झालं की सगळा ताण गिअरबॉक्सवर, ड्राइव्ह शाफ्टवर आणि टायरवर येतो.

फरक किती लहान असू शकतो ते बघ. एका टायरची नक्षी दुसऱ्यापेक्षा फक्त 3 मिलिमीटर जास्त झिजली तर घेर जवळजवळ 2 सेंटीमीटरने कमी होतो. दर किलोमीटरला चारेक फेऱ्यांचा फरक. म्हणून एकच टायर फाटला तरी सिंक्रोला एकच नवा टायर घालून चालत नाही. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे, एकाच मापाचे आणि एकदमच घ्यायचे. दर 5,000 मैलांना पुढचे मागे, मागचे पुढे करायचे. 'दोन आत्ता, दोन दिवाळीनंतर' असं करणार असशील तर दिवाळीपर्यंत थांब.

घेर मोजायची रीत सोपी आहे. सपाट फरशीवर गाडी उभी कर, चारही चाकांत सांगितलेली हवा भर. जिथे टायर जमिनीला टेकतो तिथे टायरच्या गालावर खडूची उभी रेघ मार आणि त्याच्या नेमकी खाली जमिनीवर दुसरी. गाडी न्यूट्रलला टाकून कुणाला तरी हळू, सरळ ढकलायला सांग. गालावरची रेघ पुन्हा खाली आली की तिथे जमिनीवर तिसरी रेघ मार आणि दोन रेघांमधलं अंतर टेपने मोज. हे माप कागदावरच्या घेरापेक्षा थोडं कमी येणार, कारण गाडीच्या वजनाने टायर खाली दबलेला असतो. चारही चाकांचं असं माप घे. अर्ध्या सेंटीमीटरच्या आत सगळी मापं आली तर निर्धास्त हो.

आणि हे सगळं करायच्या आधी एक चाचणी कर. रिकाम्या, कोरड्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये सावकाश गोल फिर. गाडी मोकळी फिरली तर ठीक. ब्रेक लावल्यासारखी अडत असेल, टायर कुरकुरत असतील, तर कपलिंग आधीच कडक झालेलं आहे. अशा गाडीला नवे मोठे टायर घालणं म्हणजे आजार झाकून ठेवणं. काही जण डिकपलर बसवतात. एक खटका ओढला की पुढची ओढ सुटी होते आणि हायवेवर गाडी फक्त मागच्या चाकांवर चालते. जमत असेल तर हा खर्च टायरच्या आधी कर. माझ्या मते या गाडीवर याहून शहाणा खर्च नाही.

टायर किती वजन पेलतो, हा पुढचा प्रश्न. पुष्कळ लोक नेमके इथेच चुकतात. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर आहे, त्यावर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं कमाल वजन दिलेलं आहे. समज मागचं 1,300 किलो आहे. एका टायरच्या वाट्याला 650 आले. टायरच्या गालावर मापापुढे जो आकडा असतो तो त्याची पेलण्याची ताकद सांगतो. 97 असेल तर 730 किलो, 100 असेल तर 800, 103 असेल तर 875. पण मापाच्या आधी 'पी' हे अक्षर असेल तर तो मोटारीचा टायर. व्हॅनला घालताना त्याची ताकद 1.10 ने भागून धरायची, असा अमेरिकेतला नियम आहे. म्हणजे 800 चे 727 राहिले. कॅम्परमध्ये सामान दिसत नाही पण वाढत जातं. पहिल्या लांबच्या सहलीला निघताना पाणी, पेट्रोल, माणसं सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गाडी चढव. पुढचं वेगळं, मागचं वेगळं वजन मिळतं. त्या कागदावरच्या आकड्यापेक्षा टायरची ताकद निदान पंधरा टक्के जास्त असू दे.

याची दुसरी बाजूही सांगतो. 'एलटी' लिहिलेला, दहा थरांच्या ताकदीचा ट्रकचा टायर घेतला की काळजी मिटली, असं नाही. तो जड असतो, कडक असतो, आणि तेवढंच वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते. शहरात आणि हायवेवरच जास्त फिरणार असशील तर तो तुझी कंबर मोडेल आणि पेट्रोलही खाईल. कॅलिफोर्नियात डेथ व्हॅलीमध्ये युबिहीबी क्रेटरपासून रेसट्रॅक नावाच्या ठिकाणाकडे जाणारा सुमारे 27 मैलांचा कच्चा रस्ता आहे, लाटांसारखा खडबडीत आणि धारदार खडीचा. तिथे पातळ गालाचा टायर सहज चिरतो, आणि जवळपास मदत नाही. अशा ठिकाणी वर्षातून अनेकदा जाणार असशील तरच एलटी घे. नाहीतर भक्कम गालाचा, वजनाचा आकडा पुरेसा असलेला ऑल-टेरेन टायर बघ, आणि त्यावर डोंगरात बर्फाच्या चांदणीचं चिन्ह आहे का ते बघ. ते असलं की तो बर्फाच्या कसोटीला उतरलेला असतो. चिखलाचे मोठ्या दातांचे टायर नकोत. तुझ्या वापरात ते फक्त गोंगाट करतील.

रिमकडे वळू. तुझ्या गाडीला पाच बोल्ट, 112 मिलिमीटरच्या वर्तुळावर. मर्सिडीजच्या बऱ्याच मोटारींचंही तेच माप, म्हणून भंगारातून मर्सिडीजच्या 15 इंची रिम्स स्वस्तात आणून लावायची इथे जुनी पद्धत आहे. लावायला हरकत नाही, पण काही गोष्टी पारखून. रिमच्या पाठीमागे तिची वजन पेलण्याची ताकद कोरलेली असते का बघ. नसेल तर ती रिम सोडून दे, कारण मोटारीसाठी ओतलेली रिम भरलेल्या व्हॅनसाठी असतेच असं नाही. बोल्टचं भोक तुझ्या 14 मिलिमीटरच्या आट्यांना पुरतं का, आणि नटाचं बूड रिमच्या खळग्यात अंगभर बसतं का, हेही बघ. काही रिमचा खळगा गोल असतो, काहींचा शंकूसारखा. गोल खळग्यात शंकूचा नट वरवर घट्ट वाटतो आणि वाटेत सैल होतो.

रिम किती आत किंवा बाहेर बसते तो आकडा तिच्यावर 'ईटी' म्हणून लिहिलेला असतो. आकडा लहान तेवढं चाक बाहेर. बाहेर आलेलं चाक रुबाबदार दिसतं, पण बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटके देतं, आणि तुझ्या गाडीत आणखी एक अडचण आहे. उजवीकडचं सरकतं दार मागे जातं ते मागच्या चाकाच्या अगदी जवळून. टायर पत्र्याच्या बाहेर आला तर दार त्याला घासतं. म्हणून मूळ रिमच्या आकड्याच्या जवळ राहा.

पैसे देण्याआधी एक रिम आणि एक टायर उसना घेऊन गाडीला लावून बघ. पुढच्या चाकाला लाव, स्टिअरिंग एका टोकापर्यंत वळव, मग दुसऱ्या. चाकाच्या मागे, पाय ठेवतात त्या बाजूच्या पत्र्याच्या शिवणीकडे बघ, सहसा टायर तिथेच आधी घासतो. मग तेच चाक लाकडी ठोकळ्यावर चढवून, स्प्रिंग दबलेली असताना पुन्हा वळवून बघ. बोटभर तरी जागा हवी. 27 इंचांच्या आसपासचे टायर बहुतेक सिंक्रोंना स्प्रिंग न बदलता बसतात, पण तुझ्या गाडीच्या स्प्रिंगा जुन्या आहेत, बसल्या असतील, म्हणून दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसलं यावर जाऊ नकोस. स्टेपनीचंही आत्ताच बघ. नाकाखालच्या तबकात ती जाते की नाही? जात नसेल तर मागे दाराशी स्टेपनी लावायचा जोडखर्च टायरच्या हिशेबात धर. स्टेपनी त्याच मापाची हवी, हे वेगळं सांगायला नको.

बसवून झाल्यावर नट टॉर्कच्या पान्याने आवळायचे. फोक्सवॅगनचं माप 180 न्यूटन-मीटर, म्हणजे 133 फूट-पौंड. दुकानातल्या हवेच्या गनवर सोडू नकोस, समोर उभी राहून पान्याने करून घे. पन्नास मैलांनी पुन्हा आवळ. अलाइनमेंट करून घे, बॅलन्सिंग तर झालंच पाहिजे. हवेचं म्हणशील तर मी माझ्या गाडीला पुढे 40 आणि मागे 45 पीएसआयच्या आसपास ठेवतो, कारण इंजिन मागे आहे. तुझे टायर वेगळे असतील तर वजनकाट्याचा कागद आणि टायरवाल्या कंपनीचा तक्ता समोर ठेवून ठरव. खडबडीत कच्च्या रस्त्यावर 25 पर्यंत उतरव, वेग कमी ठेव, आणि डांबरावर आल्या आल्या पुन्हा भर. त्यासाठी छोटा कॉम्प्रेसर गाडीत कायम असू दे.

जुन्या व्हॅन पुष्कळदा उभ्याच असतात, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. टायरच्या गालावर 'डीओटी' नंतर शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. 'नवे' म्हणून विकायला ठेवलेले टायरही हे वाचूनच घे. सहा वर्षांनंतर दर वर्षी गालावरच्या भेगा बघायच्या, दहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही चांगली दिसो, काढून टाकायचा.

जर्मनीत असतीस तर वेगळं माप कागदपत्रांत टीयूव्ही या तपासणी संस्थेकडून नोंदवून घ्यावं लागलं असतं. तुझ्या राज्यात मडगार्डच्या बाहेर टायर येण्याबद्दल काय नियम आहे तेवढं विचारून घे.

तर तुझ्यासाठी माझं मत असं. इंजिन आणि गिअरबॉक्स आहेत तसेच आहेत तोवर 27 ते 27.7 इंचांच्या पुढे जाऊ नकोस. 15 इंची रिम, 215/75 किंवा 225/70, वजनाचा आकडा 100 च्या वर, एकाच नमुन्याचे पाच. 14 इंचीत व्हॅनचं वजन पेलणारे चांगले टायर हल्ली सहज मिळत नाहीत, म्हणून 15 ला जाणं योग्यच आहे. 29 इंचांचे टायर तुला कुणी कितीही कमी पैशांत देऊ केले तरी घेऊ नकोस. आणि पहिले पैसे टायरवर नको, त्या पार्किंगमधल्या चाचणीनंतर लागले तर कपलिंगवर घाल.